वाचकांचे प्रश्न : म्यानातला छोटा चाकू निवडताना

घडीच्या चाकूंवर मागच्या अंकात लिहिलं, त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गोष्टीबद्दल होती. ज्याचं पातं मुठीत मिटत नाही, जो म्यानात घालून रोज सोबत ठेवता येतो, तो छोटा चाकू कसा निवडायचा? बाजारात त्याला फिक्स्ड ब्लेड म्हणतात. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (नाशिक) : माझ्याकडे चांगला घडीचा चाकू आहे. मग न मिटणारा दुसरा कशाला घ्यायचा?

उत्तर : खायच्या वस्तू कापायला घेणार असाल, तर धुण्यासाठी. घडीच्या चाकूच्या बिजागरीत आणि मुठीच्या फटीत आंब्याचा रस, गूळ, कांद्याचे पापुद्रे जाऊन बसतात. वरून कितीही पुसला तरी दोन दिवसांनी वास येतो आणि बिजागरी कचकचते. न मिटणारा चाकू नळाखाली धरला, फडक्याने पुसला की झालं. त्याला घडीच्या चाकूसारखं कुलूप, म्हणजे उघडलेलं पातं अडकवून ठेवणारी खिट्टी, नसतं, त्यामुळे ते सुटून पातं बोटांवर मिटण्याची भीती नाही. शिवाय पातं मुठीत सलग गेलेलं असल्याने तेवढ्याच वजनात तो जास्त भक्कम असतो.

त्याची गैरसोयही आहे. म्यान लागतं, जागा लागते, आणि चारचौघांत काढला की लोक वळून बघतात. तुमचं काम पार्सलच्या चिकटपट्ट्या आणि दुधाच्या पिशव्या एवढंच असेल, तर नवा चाकू घेऊ नका. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा, पातं तोडून बदलायचा कटर त्या कामाला जास्त बरा, कारण चिकटपट्टीचा गोंद चांगल्या धारेचं वाटोळं करतो.

प्रश्न (सांगली) : लांबी, रुंदी, जाडी किती असावी? ऑनलाइन बघितलं तर 4 आणि 5 मिलिमीटर जाड पात्यांची फार स्तुती दिसते. जितकं जाड तितकं चांगलं, असंच ना?

उत्तर : नाही. सगळ्या पत्रांत हाच गैरसमज जास्त दिसला, म्हणून याचं उत्तर सविस्तर देतो.

रोजच्या वापराला पात्याची लांबी 7 ते 9 सेंटिमीटर पुरते. रुंदी 20 ते 25 मिलिमीटर. आणि पाठीची जाडी, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाडी, 2 ते 2.5 मिलिमीटर. तीन मिलिमीटरच्या पुढे गेलात की तो चाकू कापायचं सोडून फाडायला लागतो.

एक सफरचंद घेऊन पाहा. चार मिलिमीटर जाडीच्या पात्याने ते मधोमध कापायला गेलात, तर पहिला सेंटिमीटरभर चाकू शिरतो, आणि मग सफरचंद काडकन आवाज करून आपोआप दुभंगतं. उघडी पडलेली बाजू खडबडीत, कोरडी दिसते. तिथे धारेने कापलेलंच नाही, पाठीच्या जाडीने पाचर मारून फोडलं आहे. आता दोन मिलिमीटरच्या पात्याने तेच करा. चाकू तळापर्यंत न अडता जातो, आवाज होत नाही, आणि कापलेली बाजू ओली आणि चकचकीत असते. गाजराला, सुरणाला, कच्च्या पपईला हा फरक आणखी जाणवतो. दोन्ही पात्यांची धार सारखीच असली तरी हे असंच होणार.

जाड पात्याचं समर्थन करणारे म्हणतात, लाकूड फोडता येतं, कशात घालून उचकटता येतं. पण त्या कामाला कोयता आहे, पटाशी आहे, पहार आहे. आठ सेंटिमीटरच्या चाकूने लाकूड फोडायची वेळ वर्षातून एकदाही येत नाही, आणि फळ कापायची रोज येते.

पाठीपेक्षाही महत्त्वाची जाडी धारेच्या जरा मागची. धारेची अगदी कडेची उतरती पट्टी जिथे सुरू होते, तिथे व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, लावा. 0.3 ते 0.5 मिलिमीटर भरलं तर चाकू छान कापेल. 0.8 किंवा 1 भरलं तर पाठ पातळ असली तरी उपयोग नाही. ऑनलाइन विकणारे हा आकडा क्वचितच देतात. दुकानात गेलात तर नखाच्या चिमटीतूनही अंदाज येतो: पाठीकडून धारेकडे बोटं सरकवताना पातं एकसारखं निमुळतं होत गेलं पाहिजे. धारेच्या जवळ येऊन एकदम उतार लागला, तर तो चाकू ठेवून द्या.

मुठीचं माप विसरू नका. चारही बोटं मावायला किमान साडेनऊ-दहा सेंटिमीटर मूठ लागते. गळ्यात किंवा किल्ल्यांसोबत अडकवायच्या चाकूंना सात सेंटिमीटरची तीन बोटांची मूठ असते. दोन मिनिटांच्या कामाला ती चालते, पण किलोभर भेंडी चिरायला घेतलीत तर करंगळीला आधार नसल्याने मनगट भरून येतं. म्यानासकट एकूण वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आत असलं, तरच तो रोज सोबत राहील. त्याहून जड चाकू आठवड्याभरात कपाटात जातो.

प्रश्न (रत्नागिरी) : आमच्याकडे दमट हवा. लोखंडी चाकू एका रात्रीत तांबूस होतो. स्टेनलेस घ्यावा का? आणि विक्रेते जे आकडे लिहितात त्यांचा अर्थ काय?

उत्तर : तुमच्याकडे स्टेनलेसच घ्या. साध्या कार्बन स्टीलची धार लवकर लागते, तीक्ष्णही होते, पण कोकणातला पावसाळा, आमसुलं, चिंच आणि खारी हवा यांच्यापुढे त्याची रोज सेवा करावी लागते. पश्चिम महाराष्ट्रात किंवा मराठवाड्यात राहणाऱ्याने कार्बन स्टील खुशाल घ्यावं. कैरी, कांदा चिरताना ते निळसर-करडं पडतं, त्याला घाबरायचं कारण नाही. तो थर टिकला तर उलट गंज कमी धरतो. लाल-तांबडा आणि बोटाला खरखरीत लागणारा गंज मात्र लगेच घासून काढायचा.

आकड्यांबद्दल. पोलादाला कठीणपणा येतो तो कार्बनमुळे, आणि गंज रोखतं ते क्रोमियम. स्वीडिश 12सी27 आणि 14सी28एन या दोन पोलादांत कार्बन सुमारे 0.6 टक्के आणि क्रोमियम 13 ते 14 टक्के असतं. गंज धरत नाहीत, दगडावर लवकर धार घेतात, छोट्या चाकूला उत्तम. चिनी 8सीआर13एमओव्ही यात कार्बन 0.8 टक्क्यांच्या आसपास, आणि किमतीच्या मानाने ते चांगलंच आहे. 440सी मध्ये क्रोमियम 16 ते 18 टक्के, धार जास्त दिवस टिकते, पण लावायला जास्त वेळ लागतो. 420जे2 मऊ पडतं. शोभेच्या चाकूंत ते फार दिसतं आणि आठ दिवसांत बोथट होतं.

डी2 बद्दल तुमच्यासाठी खास सूचना. त्यात क्रोमियम 11 ते 13 टक्के असल्याने विक्रेते त्याला जवळपास स्टेनलेस म्हणून विकतात. पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जाऊन कठीण कणांच्या रूपात बसलेलं असतं. गंज रोखायला ते मोकळं राहत नाही. कोकणात डी2 वर बारीक काळे खड्डे पडतात आणि ते घासून जात नाहीत.

कठीणपणा रॉकवेल मापात 56 ते 60 असावा. नुसतं ‘जपानी पोलाद’ किंवा ‘सर्जिकल स्टील’ लिहिलेलं असेल आणि पोलादाचं नाव नसेल, तर पैसे घालवू नका. पात्यावर लाटांची नक्षी असलेल्या स्वस्त चाकूंचंही तेच. अनेकदा ती नक्षी वरवरची असते, आणि आत काय आहे ते कळायला मार्ग नसतो.

प्रश्न (पुणे) : पहिल्यांदाच घेतोय. एखादं नेमकं नाव सांगाल का? खूप खर्च करायचा नाही.

उत्तर : स्वीडनच्या मोरा गावचे चाकू या प्रकारात मापदंड मानले जातात. त्यांच्या कंपॅनियन चाकूचं स्टेनलेस पातं साधारण 10 सेंटिमीटर लांब आणि 2.5 मिलिमीटर जाड असतं, मूठ रबरासारखी, म्यान प्लॅस्टिकचं. लांबी तुम्हाला किंचित जास्त वाटेल, पण बाकी सगळं जागच्या जागी आहे.

खरं तर पहिल्या चाकूसाठी तेवढाही खर्च लागत नाही. भांड्यांच्या दुकानात फळं सोलायची 8 ते 10 सेंटिमीटरची सुरी मिळते. चांगल्या कंपनीची घ्या. तिचं पातं जेमतेम दीड मिलिमीटर जाड असतं आणि कापायला ती बहुतेक महागड्या चाकूंना मागे टाकते. तिला फक्त म्यान नसतं, आणि ते घरी करता येतं.

पीव्हीसीच्या पाण्याच्या पाइपाचा तुकडा घ्या. पातं 20 मिलिमीटर रुंद असेल तर बाहेरून 20 मिलिमीटरचा पाइप, 25 पर्यंत रुंद असेल तर 25 चा. लांबी पात्यापेक्षा तीन सेंटिमीटर जास्त. पात्याला धार झाकून मास्किंग टेपचे दोन वेढे द्या, म्हणजे आत किंचित सैल जागा राहील. पाइप उकळत्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा. पीव्हीसी 80 अंशांच्या पुढे मऊ पडतं, त्यामुळे उकळतं पाणी पुरतं. गॅसच्या ज्योतीवर धरायचा नाही. पीव्हीसी करपलं की त्यातून निघणारा धूर फुप्फुसाला घातक असतो. चिमट्याने पाइप बाहेर काढा, हातात जाड मोजे घालून पातं आत सरकवा, दोन फळ्यांमध्ये ठेवून वर वरवंटा ठेवा. गार झाल्यावर टेप काढा. मुठीजवळचं तोंड ढिलं वाटलं तर तेवढाच भाग पुन्हा पाण्यात धरून दाबा. टोकाशी 5 मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर आत गेलेलं पाणी तिथेच साठून राहील.

म्यान जमलं की नाही हे पाहायला ते गादीवर उलटं धरून जोरात हलवा. चाकू पडता कामा नये. आणि अंगठ्याने म्यानाच्या कडेला रेटा दिला की तो सहज सुटला पाहिजे. जे म्यान दोन्ही हातांनी खेचावं लागतं, ते एक दिवस हात कापतं.

प्रश्न (जुन्नर) : आमच्या गावचा लोहार कमानपाट्याचे, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचे, विळे फार छान करतो. त्याच्याकडून ट्रकच्या पाट्याचा छोटा चाकू करून घेतला तर चालेल का? काय सांगावं त्याला?

उत्तर : जरूर करून घ्या. पण विळ्याची सवय छोट्या चाकूला जशीच्या तशी लागू पडत नाही, म्हणून काही गोष्टी आधी बोलून ठरवा.

पाटा शक्यतो कोरा तुकडा असावा. लाखो खड्डे खाल्लेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात, आणि त्या पाजताना, म्हणजे लाल तापवलेलं पातं एकदम गार करताना, उघड्या पडतात. पाट्याची जाडी अनेक मिलिमीटर असते. ती ठोकून तीनपर्यंत आणायची आणि पुढचं काम कानशीने किंवा घासून. तापवण्याआधी धार पूर्ण काढू नये. कडेला जवळजवळ एक मिलिमीटर जाडी ठेवायची. पातळ कड आधी तापते, आधी गार होते, आणि पाजताना ती एकतर लाटेसारखी वाकते नाहीतर तडकते.

आपल्याकडे पात्याला पाणी पाजणं म्हणतात, पण या पोलादाला पाणी मानवत नाही. कमानपाट्याचं पोलाद पाण्यात टाकलं की इतक्या झपाट्याने आवळतं की ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो, आणि तो आवाज म्हणजे चीर. तेलात पाजायला सांगा. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल, तीन-चार लिटर, लोखंडी उभ्या डब्यात, 50 ते 60 अंशांपर्यंत कोमट केलेलं. जळकं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर विषारी. प्लॅस्टिकचा डबा तर अजिबात नको, आणि झाकण हाताशी हवं, तेल पेटलं तर झाकायला.

पातं किती तापलं हे चुंबकावर पाहावं. सुमारे 770 अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं. तिथून आणखी एक छटा उजळ, केशरीकडे झुकणारा लाल रंग येईपर्यंत तापवायचं आणि टोकाकडून सरळ उभं बुडवायचं. तेलात हलवताना धार-पाठ या दिशेने, कापल्यासारखं. आडवं हलवलं की पातं बाक धरतं.

आता पातं काचेसारखं कडक आणि ठिसूळ झालेलं असतं. हातातून फरशीवर पडलं तर तुकडे होतील. इथे अनेक लोहार काम संपलं असं समजतात. ते पातं तासाभरात पुसून घरच्या ओटीजी ओव्हनमध्ये 200 ते 220 अंशांवर दोन तास ठेवा, गार होऊ द्या, पुन्हा दोन तास. घासून उजळलेल्या भागावर गव्हाच्या काडीसारखा फिकट पिवळा रंग आला की बरोबर जमलं.

शेवटची धार काढताना ग्राइंडरवर पातं बोटाला चटका लागण्याइतकं तापू द्यायचं नाही. दर फेरीला पाण्यात बुडवायचं. धारेवर निळा रंग दिसला तर तिथे पोलाद 300 अंशांच्या आसपास पोचलं आणि मऊ पडलं. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकणार नाही.

पातं हातात आल्यावर एक परीक्षा करा. पितळेची बोटाएवढी सळई टेबलावर ठेवा, धार तिच्यावर अगदी तिरकी टेकवा आणि हलकं दाबून ओढा. उजेडात पाहिलं तर धार दाबाखाली किंचित वाकलेली दिसते. दाब काढल्यावर ती सरळ झाली तर पाजणं आणि नंतरचं ओव्हनमधलं भाजणं दोन्ही नीट जमलंय. वाकडीच राहिली तर पातं मऊ आहे. कपचा उडाला तर कडक राहिलंय, पुन्हा ओव्हनमध्ये 20 अंश वर न्या.

प्रश्न (दापोली) : कलमं बांधतो. कलमाचा चाकूच रोजच्या कामाला वापरला तर?

उत्तर : नका वापरू. कलमाच्या चाकूला एकाच बाजूने उतार असतो, दुसरी बाजू सपाट. त्या सपाट बाजूमुळे कोय कलमाच्या काडीचा चार-पाच सेंटिमीटरचा तिरका काप एकाच ओढीत आरशासारखा सपाट येतो, आणि दोन्ही सालींखालचे हिरवे थर नीट जुळतात. तोच चाकू सुतळीवर, फळांवर चालवला की धारेला दिसणार नाहीत असे दाते पडतात, काप खडबडीत होतो आणि कलमं मरतात. शिवाय एका झाडाचा रोग दुसऱ्या झाडावर जाऊ नये म्हणून तो स्पिरिटने पुसायचा असतो. फळं कापायचा चाकू वेगळाच असू द्या.

फणसाच्या चिकाबद्दलही तुम्ही विचारलं आहे. पात्याला आधी खोबरेल तेलाचा हात फिरवा. नंतर चीक तेलाच्याच फडक्याने उतरतो, पाण्याने तो आणखी घट्ट बसतो.

प्रश्न (औरंगाबाद रस्ता, अहिल्यानगर) : गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडून चाकूला धार लावून घेतली. पहिल्या दिवशी चाकू केस कापत होता, तिसऱ्या दिवशी टोमॅटोवरून घसरतो. असं का?

उत्तर : कारण धारेवर कड तशीच राहिली. चाकावर घासताना धारेच्या टोकाला धातूची केसाइतकी बारीक कड दुसऱ्या बाजूला वळते. ती पहिल्या दिवशी कापते, मग मुडपते किंवा तुटते. धारवाला सराईत असेल तर ती काढतो, घाईत असेल तर राहते. चाक कोरडं असेल तर तापून धार मऊ पडण्याची भीती वेगळी. मोठ्या सुऱ्यांना, विळ्यांना ते चालून जातं. छोट्या पातळ पात्याला घरीच दगडावर धार लावा.

एका बाजूला 400 आणि दुसऱ्या बाजूला 1000 दाण्यांचा दगड पुरतो. पाण्याचा दगड असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत, दहा मिनिटं भिजवा. खाली ओलं फडकं, म्हणजे तो सरकणार नाही.

कोनासाठी अंदाजाने हात तिरका करू नका. पात्याची रुंदी 22 मिलिमीटर आणि पाठ अडीच मिलिमीटर असेल, तर पाठीची खालची कड दगडापासून साधारण 5 मिलिमीटर वर असली की दर बाजूला 17 अंशांचा कोन होतो. छोट्या चाकूला तो योग्य. पाच मिलिमीटर म्हणजे किती, ते पट्टीवर एकदा पाहून घ्या आणि तेवढ्या जाडीचा पुठ्ठा पाठीखाली ठेवून हात बसवा. मग पुठ्ठा काढून टाका.

धारेच्या उतारावर काळ्या मार्करची रेघ ओढा आणि चार हात मारा, म्हणजे चाकू दगडावरून चारदा ओढा. रंग फक्त वरच्या कडेचा गेला तर पाठ फार खाली आहे. फक्त अगदी टोकाचा गेला तर फार वर. सगळा सारखा गेला की कोन जमला. हे दर दहा हातांनी करत राहा, निदान पहिल्या दोन-तीन वेळा.

एकाच बाजूने घासत राहा, जोपर्यंत दुसऱ्या बाजूला कड येत नाही. ती पाहायला अंगठा पाठीकडून धारेच्या बाहेर हलकेच सरकवा. धारेवरून लांबीने बोट फिरवायचं नाही. नखाला अडकल्यासारखं खरखरीत लागलं तर कड आली. ती मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे लागली पाहिजे. टोकाजवळच्या गोलाईला ती सगळ्यात उशिरा येते, आणि बहुतेकांचा धीर तिथेच सुटतो. मग बाजू बदला. पुन्हा कड आली की 1000 च्या बाजूवर दहा-दहा, मग पाच-पाच, मग एक-एक हात, दर वेळी दाब कमी करत. शेवटचे हात चाकूच्या स्वतःच्या वजनाने व्हावेत.

जुन्या चामड्याच्या पट्ट्याची आतली खरबरीत बाजू टेबलावर ताणून धरा आणि चाकू पाठ पुढे ठेवून ओढा, दर बाजूला दहा वेळा. धार पुढे ठेवून ओढलात तर पट्टा कापला जाईल. आता टोमॅटो. साल दाबावी न लागता, पातं नुसतं ठेवून मागे ओढलं की शिरलं पाहिजे.

प्रवासात धार जरा उतरली तर चिनी मातीचा कप उलटा करा. तळाच्या कडेला जी चकाकी नसलेली खरखरीत गोल रेघ असते, तिच्यावर आठ-दहा हात पुरतात.

प्रश्न (ठाणे) : रोज लोकलने प्रवास करते. डब्यासोबत फळ कापायला असा चाकू बॅगेत ठेवला तर पोलीस अडवतील का? आणि काही मैत्रिणी म्हणतात, स्वसंरक्षणालाही बरा.

उत्तर : दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. स्वसंरक्षणासाठी चाकू बाळगू नका. झटापटीत तो हिसकावला जातो आणि तुमच्यावरच उलटतो, आणि कायद्याने विचारलं की ‘कशासाठी बाळगला होता’, तर ‘माणसावर वापरायला’ हे उत्तर तुमची बाजू कमकुवत करतं.

कायद्याचं थोडक्यात असं. 1959 चा शस्त्र कायदा केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तूंना शस्त्र मानत नाही. 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत आहेत, तेही घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामाचे वगळून. आपण बोलतोय तो चाकू याच्या निम्माही नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी ठरावीक दिवसांसाठी मनाई आदेश काढू शकतात, आणि त्यात चाकू, काठ्यासुद्धा येतात. निवडणुका, मोठे सण, मोर्चे यांच्या दिवसांत असे आदेश निघतात. त्या दिवसांत चाकू घरी ठेवा.

एरवी तो म्यानात, डब्याच्या पिशवीत, फळासोबत असू द्या. कमरेला लावून शहरात फिरू नका. कोकणात कमरेच्या आकडीत कोयता लावून बागेत जाणाऱ्याला कोणी विचारत नाही, पण दादर स्टेशनवर विचारतील, आणि ते बरोबरच आहे. दुधारी, खंजिराच्या आकाराचा किंवा काळ्या रंगाचा लष्करी दिसणारा चाकू घेऊ नका. लाल-पिवळ्या मुठीची फळांची सुरी पाहून कोणाच्या पोटात गोळा येत नाही. विमानात तो केबिनमध्ये चालत नाही, चेक-इन सामानात घालावा लागतो.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड) : इथे काय नियम?

उत्तर : तिथे जास्त कडक. 1988 च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टच्या कलम 139 प्रमाणे सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय फक्त 3 इंचांपर्यंत धारेचा, मिटणारा आणि कुलूप नसलेला चाकू चालतो. न मिटणाऱ्या चाकूला, तो कितीही छोटा असला तरी, सबळ कारण लागतं, आणि स्वसंरक्षण हे कारण मानलं जात नाही. तुम्ही साधा घडीचाच ठेवा. म्यानातला चाकू घरच्या बागेपुरता.

प्रश्न (सातारा) : चामड्याचं म्यान आणि शिसवी मूठ घेतली. पावसाळ्यात किल्ल्यांवर जाऊन आल्यावर काय काळजी घ्यावी?

उत्तर : घरी आल्याबरोबर चाकू म्यानातून बाहेर काढा आणि दोन्ही वेगवेगळे वाळवा. म्यान सावलीत, उन्हात किंवा चुलीजवळ नाही, ते आकसून कडक होतं. भिजलेलं चामडं आतून कित्येक दिवस ओलं राहतं, आणि कमावताना वापरलेले क्षार त्या ओलाव्याबरोबर पात्याला लागतात. म्हणूनच कपाटात म्यानात ठेवलेल्या चाकूला बाहेर ठेवलेल्यापेक्षा जास्त गंज चढतो. पितळी रिबिटांभोवती हिरवा थर दिसला तर तोही याच ओलाव्याचा.

पात्याला मेडिकल दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब फडक्यावर घेऊन लावा. ते खराब होत नाही, वास धरत नाही, आणि चाकूने नंतर फळ कापलं तरी हरकत नाही. खोबरेल तेलही चालतं. गोडेतेल मात्र नको, ते महिन्याभरात चिकट होऊन धूळ धरतं. मुठीला पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर असा दोनदा जवस तेलाचा पातळ हात द्या आणि जास्तीचं पुसून टाका. उन्हाळ्यात शिसव आकसून रिबिट बोटाला किंचित वर आलेलं लागलं तर घासून सपाट करू नका. पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगलं की ते खोल गेलेलं दिसेल.